कूलरच्या आवाजात

खेळाच्या सामानाची खोली होती ही.
कोपऱ्यात अजून लेझीमांचा गंजका ढीग आहे,
दारावर जुन्या पाटीवरच नवी रंगवलेली :
समुपदेशन कक्ष. मंगळवार, शुक्रवार.
नीट पाहिलं तर खालचं ‘क्रीडा’ वाचता येतं.

तेव्हा माझ्याकडे कोणी येत नव्हतं.
मीच वर्गावर जायचे, नववी ब,
फळ्यावर दहावी लिहायचे, तिला तीन फांद्या,
मग सात, मग सतरा :
पॉलिटेक्निक, नर्सिंग, कायदा, आयटीआय.
झाड भरगच्च दिसायचं.
मुलं ते समास आखून उतरवून घ्यायची.

मार्चमध्ये स्टाफरूमला एसी आला
आणि तिथला कूलर माझ्या वाट्याला.
दत्तूभाऊंनी वाळ्याच्या नव्या ताट्या ठोकल्या,
चार बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं,
आणि खिडकीची तावदानं थरथरायला लागली.
“आवाज करते थोडा,” ते म्हणाले,
घरातल्या म्हाताऱ्याबद्दल सांगावं तसं.

मग पोट्टे यायला लागले.
“बसू का मॅडम? लय गरम होऊन राह्यलं.”
कॉलर मागे ओढून, झोताकडे पाठ करून
पाच मिनिटं, दहा मिनिटं. बोलणं काही नाही.

रुचिता सोनकुसरेच्या आधी लक्षात आलं.
मैत्रिणीला आत बोलायला लावून
ती बाहेर दाराला कान लावून उभी राहिली.
“काहीच समजत नाही बाहेर,” म्हणाली,
दार लावलं, आणि बसली.
“मले डॉक्टर नाही व्हायचं.
डॉक्टर म्हटलं का मावशी चूप बसते, म्हणून म्हणते.”
काय व्हायचंय ते माहीत नव्हतं तिला.
हे सांगताना तिने पहिल्यांदा पाठ टेकवली.

तेव्हापासून सगळे ओरडून सांगतात
जे कुजबुजायचं असतं.
कोणाला गणिताच्या तासाला हातांना घाम.
कोणाला विचारायचंय, फी हप्त्याने भरता येते का,
पण बाबांना कळता कामा नये की विचारलं.
मेडिकल चौकातल्या होर्डिंगवरचे हसरे चेहरे
एकाच्या स्वप्नात येतात आणि त्याचा रोल नंबर विचारतात.
जतीन ठवकरने फॉर्मवर ‘ध्येय’ या रकान्यात लिहिलं :
दादासारखं नाही.
दादाची पाचवी खेप आहे परीक्षेची.
दाराखालून रात्रभर उजेड दिसतो, म्हणाला.

आणि एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, साडेदहाला,
प्रज्वल डोंगरवार ओरडून सांगत होता काहीतरी,
तेवढ्यात लाइट गेली.
“...का सकाळी उठूच नये!”
वाक्याचं शेपूट तेवढं उरलं,
खोलीत एकटं, मोठ्या आवाजात.
टाकीत थेंब पडत होते.
मैदानावर पाटील सरांची शिट्टी.
त्याने दाराकडे पाहिलं. मीही.

शिकवलंय आम्हाला : आडून विचारू नका.
मी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का.
तो बराच वेळ वाळ्याच्या ताटीकडे बघत राहिला.
“नाही. झोपावंसं वाटते.
मस्त महिनाभर. कोणी उठवू नये.”
मी खडू उचलला नाही.
कुठलाही बाण काढला नाही.
पाण्याची बाटली सरकवली,
त्याला विचारून, त्याच्यासमोर, त्याच्या आईला फोन लावला.
आईने आधी विचारलं, “पेपर कसे गेले त्याचे?”
मग थांबली.
मग म्हणाली, “येतो मी. आत्ताच येतो.”
डॉक्टरांचा नंबर मी वहीच्या पानावर लिहून दिला,
त्या झाडाच्या मागच्या बाजूला.

लाइट आली तेव्हा दोघंही दचकलो.
“मंगळवारी ये!” मी ओरडले.
“हो!” तो ओरडला.
मंगळवारी आला. त्यानंतरच्या शुक्रवारी नाही आला.
परत मंगळवारी आला.

काल दत्तूभाऊ पाना घेऊन हजर :
“बेअरिंग गेली आहे मॅडम. दोनशे रुपयांचं काम,
अजिबात आवाज नाही करणार मग.”
बाहेर व्हरांड्यात तिघं जण उभे होते,
एकमेकांकडे न बघता.
म्हटलं, राहू द्या भाऊ.
पुढच्या उन्हाळ्यात पाहू.